इंजिन बांधायचं की जपानी टाकायचं? सांगली-साताऱ्यातल्या जुन्या डिझेल गाडीवाल्यांसाठी

गाडी ऑइल खायला लागली, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) पाइपातून धूर यायला लागला, घाटात टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला, की सांगलीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, "दादा, इंजिन बांधून घ्या, नव्यासारखी पळेल." दुसरा म्हणतो, "कशाला त्या भानगडीत पडता? मुंबईहून जपानी इंजिन मागवा, आठवड्याच्या आत गाडी दारात." बांधणं म्हणजे आपलंच इंजिन उघडून, झिजलेले भाग दुरुस्त करून किंवा बदलून पुन्हा जोडणं; जपानी म्हणजे जपानमधल्या गाडीतून काढलेलं वापरलेलं इंजिन. दोघंही खोटं बोलत नसतात. फक्त पहिल्याची लेथवाल्याशी ओळख असते आणि दुसऱ्याची इंजिनच्या व्यापाऱ्याशी.

आमच्या घरच्या क्वालिसच्या निमित्तानं मी दोन्ही वाटांची चौकशी शेवटपर्यंत केली आणि अखेर मूळ इंजिनच बांधून घेतलं. म्हणून खालची बरीचशी उदाहरणं क्वालिसची आहेत. पण कामाचा क्रम बोलेरो, सुमो, जुनी स्कॉर्पिओ, पहिल्या पिढीची इनोव्हा, सगळ्यांना तोच आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना त्याचा हिशेब धरता येईल. ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) शाबूत असेल तर आपल्या भागात इंजिन बांधणंच शहाणपणाचं. कोल्हापूरची उद्यमनगर ही कारखान्यांची वस्ती सांगलीहून तासा-दीड तासावर आहे, मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत चांगली मशीन शॉप आहेत, साताऱ्यात कूपरसारखा इंजिन बनवणारा कारखाना आहे, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० पासून आहे. बोअर (सिलिंडरचं भोक), क्रँक, हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) यांचं माप कळणारी माणसं इथं शोधावी लागत नाहीत. बाहेरून आलेल्या जुन्या इंजिनाचं आतलं माप मात्र आपल्याला कोणी दाखवत नाही.

१. इंजिन खरंच गेलंय का, ते आधी ठरवा

धूर दिसला की इंजिन उतरवायची घाई करू नका. धुराचा रंग बघा. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, म्हणजे डिझेल फवारणारं नोझल, डिझेलचा पंप, चोंदलेला एअर फिल्टर यांच्यावर संशय. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर ग्लो प्लग (थंड इंजिन चालू करताना चेंबर तापवणारा) किंवा नोझलचा प्रश्न असू शकतो. पण तो सतत येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट किंवा हेडची चीर.

निळ्या धुरातही फरक आहे. सकाळी गाडी चालू करताना किंवा उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलेटर दिल्यावर भपकन निळा धूर येतो आणि नंतर थांबतो, तेव्हा बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सील गेलेली असतात. हे काम इंजिन न उतरवता होतं. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सीलही असाच धूर काढतं. चढावर लोडमध्ये सतत निळा धूर आणि ब्रीदरमधून जोरात वाफ येत असेल, तर रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि बोअर झिजलेत.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या. मिस्त्री ऑइलच्या झाकणावर हात ठेवून "बॅक कॉम्प्रेशन आहे" म्हणतो, तो अंदाज झाला, माप नव्हे. डिझेलचं कॉम्प्रेशन गेज ग्लो प्लगच्या भोकात बसतं. क्वालिसच्या २एल इंजिनाला नव्या अवस्थेत चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलो दाब येतो, २० किलोच्या खाली गेलं तर इंजिन उघडायला हवं, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत ५ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतात. बॅटरी पूर्ण चार्ज आणि इंजिन गरम असतानाच मोजा, नाहीतर चांगल्या इंजिनालाही कमी आकडा येतो.

एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला, तर त्यात अगदी चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा किंवा बोअर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. डिझेलच्या चेंबरात जागा थोडी असते. हौसेनं जास्त ऑइल ओतलं तर पिस्टनला वर जायला जागा राहत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

रॉड वाकण्यावरून आठवलं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णाकाठच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर घाईनं स्टार्टर मारलेल्या गाड्यांत एखादा रॉड किंचित वाकलेला असू शकतो. अशी गाडी चालते, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कायम कमी राहतं. अलीकडे जुनी गाडी घेतली असेल तर ती त्या काळात कुठं होती, ते विचारा.

आणखी एक इथलीच गोष्ट. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बोअरवेलचं जड पाणी रेडिएटरात वर्षानुवर्षं ओतलं जातं. आत क्षार धरतात, पाणी फिरत नाही, खंबाटकी किंवा आंबा घाटात इंजिन तापतं आणि हेड जातं. अशा गाडीचं इंजिन बांधलं काय आणि बदललं काय, रेडिएटर उघडून साफ केला नाही तर नवं कामही त्याच वाटेनं जाणार.

२. आरसी काढून तारीख बघा

इंजिनावर पैसे घालण्याआधी गाडीचं आयुष्य किती उरलंय ते बघायला हवं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. भारतात क्वालिस २००० ते २००५ या काळात विकली गेली, म्हणजे आज रस्त्यावरची प्रत्येक क्वालिस २० वर्षांच्या पुढं आहे. २० वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. नूतनीकरण सहा महिन्यांवर आलं असेल, तर बॉडी, चॅसीचा गंज, ब्रेक यांचा खर्चही याच हिशेबात धरा. पत्रा कुजलेल्या गाडीत नवं इंजिन बसवणारे लोक मी पाहिलेत.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो या वेळीच बघून ठेवा. पुढं सातव्या पायरीत लागेल.

३. इंजिन उतरवा, उघडा, मापं घ्या, निर्णय त्यानंतरच

बहुतेक लोक इंजिन उघडण्याआधीच जपानी की बांधायचं हे ठरवून टाकतात. खरा निर्णय तीन वस्तूंवर अवलंबून आहे: ब्लॉक, क्रँक आणि हेड. या तिघांची मापं हातात आली की निर्णय जवळपास आपोआप होतो. उघडण्याची आणि मापाची मजुरी आधी वेगळी ठरवून घ्या, म्हणजे "आता उघडलंयच तर इथंच बांधा" असा दबाव येणार नाही.

ब्लॉक. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक जागी आडवा-उभा, असा बोअर गेजनं मोजायचा. झीज बहुतेक वेळा वरच्या रिंगेच्या पातळीवर सगळ्यात जास्त असते. नखाला तिथं कडा लागते. धुळीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या आणि एअर फिल्टर फाटलेल्या गाड्यांत ती कडा भलतीच खोल निघते. मोजल्यावर कळतं की नुसतं होनिंग करून (बोअर हलकासा घासून) नव्या रिंगा चालतील, की बोअर करून (भोक मोठं करून) ओव्हरसाइझ पिस्टन टाकावे लागतील, की स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी बसवावी लागेल. आधी बोअर करून शेवटच्या साइझला पोचलेलं इंजिन असेल, तर स्लीव्ह हाच मार्ग. ब्लॉकचा वरचा फेस सरळ आहे का, पाण्याच्या वाटांपाशी चीर आहे का, तेही याच वेळी बघायचं.

क्रँक. मेन आणि बिगएंड जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरनं मोजायची. गोल आहे का, एका टोकाला बारीक झालंय का, पाहायचं. ग्राइंडिंग ०.२५, ०.५० मिमी अशा टप्प्यांनी होतं (जुने लोक अजून दहा थाऊ, वीस थाऊ म्हणतात), आणि प्रत्येक टप्प्याची बेअरिंग मिळतात का, हे ग्राइंडिंगच्या आधी दुकानात विचारून घ्यायचं. बेअरिंग धरून गाडी बंद पडली असेल, तर चिरेची तपासणी केल्याशिवाय तो क्रँक परत टाकू नका. काळी-निळी झाक दिसणारं जर्नल म्हणजे तिथला पोलाद तापून नरम पडला असण्याची शक्यता.

हेड. डिझेल इंजिनाच्या निर्णयात हेड सगळ्यात जास्त धोका देतं. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत चीर जाते आणि कार्बनखाली ती दिसत नाही. हेड धुवून, गरम पाण्यात बुडवून हवेच्या दाबानं प्रेशर टेस्ट करून घ्या. बुडबुडे आले की विषय संपला. वाकलेलं हेड फेसिंग करून (तळ घासून) सरळ होतं, पण त्याला मर्यादा आहे. क्वालिससारख्या प्रीचेंबर (हेडमधली डिझेल पेटण्याची छोटी पोकळी) असलेल्या इंजिनात फार घासलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं. २एल इंजिनाला म्हणूनच हेड गॅसकेट वेगवेगळ्या जाडीत येतात; पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो, ते मोजून त्यातली निवडायची. दुकानदार हातात देईल ती उचलायची नाही.

पूरग्रस्त गाडीचा संशय असेल तर चारही पिस्टन आळीपाळीनं वरच्या टोकाला आणून डायल गेजनं उंची बघा. एक कमी भरला तर रॉड वाकलाय.

सगळी मापं एका कागदावर लिहून मागा. लेथवाला सुरुवातीला हसेल, मग देईल.

४. कुठल्या वाटेनं जायचं

ब्लॉक बोअर किंवा स्लीव्ह होण्यासारखा, क्रँकला साइझ शिल्लक, हेड टेस्टमध्ये पास: बांधा.

ब्लॉक आणि क्रँक चांगले, पण हेड फुटलेलं: अख्खं इंजिन आणायची गरज नाही. हेड सुटं मिळतं, नवं किंवा तपासलेलं वापरलेलं. ते आपल्या ब्लॉकवर बसतं आणि इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असल्यानं तो बदलत नाही. आरटीओची पूर्ण फेरी यानं वाचते. क्रँकचंही तसंच. वापरलेलं इंजिन घेऊन त्यातला क्रँक आणि हेड आपल्या ब्लॉकमध्ये बसवणं हा मधला मार्ग अनेक जुने मिस्त्री वापरतात, आणि मला तो पूर्ण इंजिन बदलण्यापेक्षा बरा वाटतो. जुन्या इंजिनाचं पक्कं बिल मात्र तेव्हाही हवं.

ब्लॉकला चीर, किंवा रॉड तुटून ब्लॉकला भोक: तेव्हाच दुसरं इंजिन. त्यातही आधी त्याच मॉडेलच्या भारतातल्या गाडीचं, कागद असलेलं इंजिन मिळतंय का ते बघा. जपानी हा शेवटचा पर्याय.

वेळेचं म्हणाल, तर बांधायला जास्त लागतो हे खरं. द्राक्षांचा किंवा उसाचा हंगाम तोंडावर असताना गाडी लेथवाल्याकडे अडकणं परवडत नाही, म्हणून लोक तयार इंजिनाकडे वळतात. त्यापेक्षा हंगाम संपल्यावर काम काढा.

५. जपानी इंजिन बघायला गेलात तर

ही इंजिनं येतात कशी, ते समजलं की भाव करणं सोपं जातं. जपानमध्ये शाकेन नावाची सरकारी तपासणी असते: नव्या खासगी गाडीला पहिल्या तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. जुन्या गाडीला ती महाग पडते, म्हणून लोक चालू अवस्थेतल्या गाड्याही काढून टाकतात. त्यांची इंजिनं, कधी कधी गाडीचा पुढचा अर्धा भाग, जगभर विकला जातो. आपल्याकडे हा माल मुंबईच्या कुर्ल्यात आणि दिल्लीच्या मायापुरीत जास्त बघायला मिळतो. "कमी चाललेलं" हे वाक्य म्हणजे विक्रेत्याचा शब्द. मीटर सोबत नसताना किती चाललंय, ते कोण सांगणार? शिवाय "जपानी" म्हणून दाखवलेलं प्रत्येक इंजिन जपानचं असतंच असं नाही. इथल्याच अपघातातल्या गाडीचंही असू शकतं.

वापरलेले सुटे भाग परदेशातून आणण्यावर आयात धोरणाच्या अटी आहेत. म्हणून विक्रेत्याकडे बिल ऑफ एंट्रीची (आयातीच्या कस्टम्स कागदाची) प्रत मागा, आणि जीएसटीच्या बिलावर इंजिनाचा पूर्ण नंबर लिहून घ्या. "बिल नंतर पाठवतो" म्हणणाऱ्याकडून माल उचलू नका.

इंजिन समोर आलं की हे बघा:

- चकचकीत चंदेरी रंग मारलेला असेल तर सावध व्हा. रंगाखाली ऑइलची गळती आणि गंज दोन्ही लपतात. न धुतलेलं, धुळकट इंजिन मला जास्त विश्वासाचं वाटतं.
- नंबरची जागा बोटानं चाचपा. घासल्याच्या खुणा, अक्षरांची वाकडी ओळ, वेगळा ठसा दिसला तर तिथूनच परत फिरा.
- क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन दोन फेरे फिरवा. अडकायला नको. शेवटच्या थोड्या अंतरात दाब जाणवायला हवा.
- व्हॉल्व्ह कव्हर आणि जमलं तर सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढून दाखवायला सांगा. डांबरासारखा गाळ, सम्पात चमकणारा चुरा, पाण्याच्या वाटांत तांबडा गंज, यातलं काहीही दिसलं तर नको.
- स्टँडवर चालवून दाखवत असतील तर छान, पण कॉम्प्रेशन गेज सोबत घेऊन जा. गरम केलेलं, जाड ऑइल भरलेलं इंजिन पाच मिनिटं छान चालतं.

मग जोडणीचा प्रश्न येतो. एकाच कुळातली इंजिनं बाहेरून जुळी भावंडं दिसतात, पण आतून वेगळी. क्वालिसचं २एल इंजिन २,४४६ सीसीचं आहे. त्याचंच मोठं भावंड ३एल २,७७९ सीसीचं आणि ५एल २,९८६ सीसीचं. विक्रेता म्हणेल, "बसतं की, उलट पिकअप वाढेल." बसेलही. पण आरसीवर २,४४६ लिहिलंय, ते कोण बदलून देणार? याच कुळात टर्बोवालं, इलेक्ट्रॉनिक पंपाचं २एल-टीईही येतं. त्याला कॉम्प्युटर आणि सगळी वायरिंग लागते, जी तुमच्या गाडीत नाही. सम्पची खोलगट बाजू पुढं आहे की मागं, माउंटिंगचे ब्रॅकेट, मॅन्युअल गिअरबॉक्सचं फ्लायव्हील की ऑटोमॅटिकची प्लेट, स्टार्टर १२ व्होल्टचा की २४ चा, हे सगळं आधी जुळवा. काही जपानी व्यावसायिक गाड्या २४ व्होल्टच्या असतात. आपल्या जुन्या इंजिनाचे फोटो चारही बाजूंनी आणि मापपट्टी धरून काढून न्या.

वॉरंटी "चालू करून देईपर्यंत" एवढीच असते. ती तरी लेखी घ्या: किती दिवस, कशाकशावर, आणि परतीचं भाडं कोणाचं.

आणखी एक. आलेलं इंजिन तसंच बसवू नका. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, पुढचं-मागचं ऑइल सील हे बसवण्याआधीच बदला. २एल इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि तो बेल्ट किती वर्षांचा आहे हे सांगायला जपानमधला मालक येणार नाही.

६. बांधून घेताना

कोटेशन एका आकड्यात घेऊ नका. खाती वेगळी करा: उतरवणं-बसवणं, मशीन शॉपचं काम, पार्ट्स, पंप-नोझलचं काम, ऑइल-कूलंट. "पूर्ण इंजिनचं काम" या शब्दात नोझल कोणी धरतं, कोणी धरत नाही, आणि भांडणं बहुतेक तिथंच होतात.

पिस्टन आधी आणा, बोअर नंतर करा. एकाच साइझच्या पिस्टनांतही किंचित फरक असतो, म्हणून ज्या सिलिंडरात जो पिस्टन जाणार, तो मोजून तेवढाच बोअर. पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग चांगल्या कंपनीची, सीलबंद पाकिटातली, दुकानाच्या बिलासहित घ्या. आपल्या गल्लीत नकली माल कसा ओळखायचा हे दुकानदारापेक्षा लेथवाल्याला जास्त कळतं, त्याला दाखवा.

मशीन शॉपमधून आलेला ब्लॉक आणि क्रँक धुणं हे काम बघायला स्वतः थांबा. होनिंगचा बारीक चुरा ऑइलच्या वाटांत राहिला तर नवी बेअरिंग काही हजार किलोमीटरांत जातात. वाटांचे प्लग काढून, ब्रश घालून, साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचं, हवेनं फुंकायचं, पांढरं फडकं फिरवून बघायचं. ऑइल कूलर असेल आणि आधी बेअरिंग गेलं असेल, तर कूलर धुवून पुरत नाही, बदलायचा.

बेअरिंग बसवताना क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंग आणि जर्नलमधली फट, प्लॅस्टिगेजनं (दाबून फट मोजायच्या प्लॅस्टिकच्या बारीक धाग्यानं) बघायला सांगा. हेडचे आणि बेअरिंग कॅपचे बोल्ट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलच्या क्रमानं आणि टप्प्यांनी. "हाताला सवय आहे" हे उत्तर तीस वर्षांच्या अनुभवी मिस्त्रीकडूनही मान्य करू नका. त्याचा अपमान न करता रेंच तुम्हीच विकत आणून द्या. ऑइल पंप मोजून घ्या. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर नवेच.

जुने पार्ट परत मागा. सगळे. कुठले बदलले, कुठले नाहीत, ते त्यावरून कळतं.

७. आरटीओ आणि विमा

ब्लॉक तोच असेल तर इंजिन नंबर तोच राहतो; बिलं जपून ठेवली की झालं. ब्लॉक किंवा अख्खं इंजिन बदललं तर नोंद बदलावी लागते, आणि परवानगी बदलाच्या आधी घ्यायची असते. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याच विषयाचं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्पष्ट केलं की, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल चालत नाही. म्हणून तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच सीसी, तेच इंधन. ३एलचा मोह इथं संपतो.

परिवहन पोर्टलवर वाहनातील फेरबदलाच्या सेवेतून अर्ज करता येतो. सांगलीची गाडी एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११, कराडची एमएच-५०. नोंदणी जिथली, तिथल्या कार्यालयात. सोबत ठेवायचे कागद:

- फेरबदलाचा अर्ज आणि आरसी
- चालू विमा आणि पीयूसी
- इंजिनाचं जीएसटी बिल, नंबरसहित. आयातीचं असेल तर बिल ऑफ एंट्रीची प्रत
- नव्या इंजिन नंबरचा आणि चॅसी नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा
- बोजा असेल तर बँकेची ना-हरकत
- मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा

अर्जाआधी खिडकीवर एकदा विचारून घ्या. एखादा कागद जास्तीचा मागतात. वापरलेल्या इंजिनाचा नंबर चोरीच्या नोंदीत आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वाहन समन्वय सेवेवर तपासता येतं. हे पैसे देण्याआधी करा.

कोणी ना कोणी म्हणेलच, "एवढा उपद्व्याप कशाला? जुना नंबर नव्या ब्लॉकवर मारून देतो." तो गुन्हा आहे, आणि पकडला जाणार तुम्ही, ठोकणारा नाही. गाडी विकताना, पासिंगला, अपघातानंतर सर्वेअर आल्यावर, कुठंही ते उघडं पडतं.

आरसीवर नवा नंबर आला की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. नंबर न जुळल्यानं क्लेम अडकतो. आणि ही सगळी नोंद पूर्ण होईपर्यंत जुना ब्लॉक भंगारात देऊ नका. तपासणीला मागितला तर दाखवता येतो.

८. पहिली चालू आणि पहिले हजार किलोमीटर

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंजिनात ऑइलचा दाब तयार व्हायला हवा. फ्युएल कट सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर काढून, थांबत थांबत स्टार्टर मारायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग वायर जोडायची. चालू झाल्यावर तासभर तिथंच उभी करून चालवत ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडा. नव्या रिंगांना लोड लागतो. नुसत्या आयडलिंगवर बोअर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसतच नाहीत, मग गाडी बांधूनही ऑइल खाते. गळती आणि टेंपरेचर बघून झालं की रस्त्यावर काढा.

पहिले हजार किलोमीटर वेग बदलता ठेवा. सांगली-तासगाव-विटा असा रस्ता यासाठी हायवेपेक्षा चांगला: चढ-उतार, गावं, गिअर बदलणं आलंच. टॉप गिअरमध्ये कमी वेगावर इंजिनाला रेटायचं नाही, माल भरायचा नाही, ट्रॉली ओढायची नाही, घाट टाळायचा. ऑइल १५डब्ल्यू-४० मिनरल, डिझेलच्या ग्रेडचं. सिंथेटिक सुरुवातीला नको. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, हजाराला पुन्हा. काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात धरून उन्हात बघा. पहिल्या वेळी बारीक करडी झाक चालते, नखाला लागेल असा कण चालत नाही. तो दिसला तर गाडी तिथंच थांबवून सम्प काढा.

रेडिएटरात कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बोअरवेलचं पाणी नाही. तेही इंजिन थंड असताना रोज सकाळी बघायचं, निदान पहिला महिना. पाणी कमी होत असेल आणि बाहेर कुठंच गळत नसेल, तर वाट न बघता हेडच्या मिस्त्रीकडे परत जा. कोटेशनमध्ये गॅसकेटची लेखी जबाबदारी घेतलेली असेल, तर ती वापरायची वेळ हीच.

टायमिंग बेल्ट ज्या किलोमीटरला बदलला, तो आकडा रंगाच्या पेननं बेल्टच्या कव्हरवर लिहा. क्वालिसचा बेल्ट लाखाच्या आत बदलायचा असतो, आणि तोवर गाडी दुसऱ्या मिस्त्रीच्या हातात गेलेली असू शकते.